प्रॉम्प्टर भाऊजींचा वर्ग

भाऊजी, काल तुमच्या जलदानाच्या विधीला मांडवामागे दोघे जण खर्रा घोटत उभे होते. अंगात पांढरे कपडे, चेहरे पडलेले आणि तळहातावर प्लास्टिकची पन्नी. मध्येच डोळे पुसायचे आणि पुन्हा सुपारी-तंबाखू रगडायला लागायचे. ज्या खर्ऱ्यानं तुमचं तोंड खाल्लं, तो तुमच्याच दारात. मी गेले आणि पन्नी हिसकावून उकिरड्यावर फेकली.

"वहिनी, दुखात हाओ जी आमी," त्यातला एक म्हणाला.

"दुखात हा त रडा ना. घोटता काऊन?"

तुमच्या दादांनी मला हाताला धरून आत नेलं. "आज तरी चूप राय," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं होऊन या माणसाला कळलं नाही की मला चूप राहायला सांगून उपयोग नसतो. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही मला कधी चूप राहा म्हणाला नाहीत, उलट मीच तुम्हाला म्हणायची. आता तुम्ही असे चूप झालात की घरात भांडायला माणूस उरलं नाही.

म्हणून लिहायला बसले. शिलाई मशीनच्या पाटावर कागद ठेवलाय, कापलेली ब्लाउजं बाजूला सारली आहेत. बाया ओरडतील. ओरडू देत.

तुम्ही मला पुरवलेला पहिला शब्द आठवतो? मी नवी नवरी. तुमच्या बहिणी दारात आडव्या, नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात. आईनं उखाणा चांगला घोकून घेतला होता. "धानाच्या बांधीले पाण्याची धार" एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं कोरं. बाया हसायला लागल्या. मला वाटलं, आता इथंच रडू फुटणार आणि जन्मभर या घरात त्याची चेष्टा होणार. तेवढ्यात दाराच्या फळीमागून आवाज आला, अगदी हळू, ओठ न हलवता काढलेला. "यशवंतरावचं..."

बस, एवढंच. "यशवंतरावचं नाव घेते, सोडा आता दार," मी एका दमात म्हणाले आणि आत शिरले. फळीमागे पाहते तर मिसरूडही न फुटलेला माझा धाकटा दीर, हसू दाबत उभा. पुढचा शब्द नवऱ्याचं नाव असणार हे तिथल्या कुठल्याही बाईला ठाऊक होतं. पण सांगितलं फक्त तुम्ही.

पुढं तुम्ही गावच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर झालात, त्यात मला नवल वाटलं नाही. धान निघालं, मंडईची जत्रा भरली की आपल्या गावाला नाटकाशिवाय चैन पडत नाही, आणि तुमच्याशिवाय नाटक उभं राहत नव्हतं. पडद्याआड बसून तुम्ही राजाचं बोलायचात, खलनायकाचं बोलायचात, नायिकेच्या आईचं रडणंसुद्धा पुरवायचात. तुमचे दादा म्हणायचे, "यानं जिंदगीभर दुसऱ्याईले डायलॉग देल्ले, सोताचा एकबी नाई." तुम्ही नुसते हसायचात. "दादा, नट अडला का त्याची इज्जत आपल्या हाती राह्यते," म्हणायचात. तुमचा सगळा धर्म त्या एका वाक्यात होता, आणि माझं तुमचं भांडणही तिथूनच सुरू झालं.

मुलांचं नाटक बसवायचं ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, त्या लहान वस्तीतली रोशनी त्यात राणी होती. घरी गोंडी बोलणारी पोर, शाळेत कधी तोंड न उघडणारी, पण तालमीत अशी काही बोलायची की समाजमंदिराच्या खिडक्यांशी बाया गोळा व्हायच्या. एक दिवस तुम्ही खत आणायला सिंदेवाहीला गेलात आणि तालीम माझ्यावर सोपवलीत. मला काही तुमच्यासारखं कुजबुजता येत नाही. मी सरळ कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "वाच." तिनं कागद धरला आणि खाडखाड बोलायला लागली. एक चूक नाही. फक्त मी दिला होता तो तिसऱ्या प्रवेशाचा कागद, आणि ती बोलत होती पहिला प्रवेश.

मी तिच्या हातातला कागद हळूच काढून घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मानायलाच तयार नव्हता. "तिले सारं पाठ हाये, वहिनी."

"पाठ आहे कारण तुम्ही कानात ओतता. तिले वाचता येत नाई, भाऊजी. बाकीच्या पोट्ट्याईलेबी नाई. तुमच्या आवाजाखाली झाकून गेलं सारं."

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं, रागावलात. सकाळी मशीनपाशी येऊन उभे राहिलात, शर्टाचं तुटलेलं बटण हातात, आणि म्हणालात, "वहिनी, शाळा सुटली का टूशन लावू. तुमी आन मी." मी बी.ए. आणि तुम्ही बारावी नापास, तेही दोनदा. पण विचारलंत असं की जसं मीच कधीपासून नाही म्हणत होते.

आणि मग तुम्ही तो घोटाळा केलात. आठवलं की आजही पदर तोंडाला लावावा लागतो, आज तर हसावं की रडावं कळत नाही. वर्ग सुरू होणार हे गावाला कळावं म्हणून तुम्ही नाटकाचा भोंगा ऑटोवर बांधलात आणि गावभर, टोल्यापर्यंत फिरलात. "आज दुपारी चार वाजता! समाजमंदिरात! अवश्य या!" तुम्हाला दुसऱ्या कुठल्या सुरात ओरडताच येत नव्हतं. चार वाजता पाहते तर पोरं कमी आणि म्हातारी माणसं जास्त. बसायला गोणपाटाचे बोरे घेऊन आलेली, कोणी डब्यात चिवडा बांधून आणलेला. एक म्हातारा मला विचारतो, "हिरोइन कुठची हाये जी? वडशाच्या नाटक कंपनीची का?"

मी म्हटलं, घरी पाठवा सगळ्यांना. तुम्ही ऐकलं नाहीत. नाटकातला राजवाड्याचा जुना पडदा खाली अंथरलात, पोरांना त्यावर बसवलंत आणि सगळ्या गावासमोर दुसरीच्या पुस्तकातला धडा सुरू केलात. पोरं अडत होती, तुम्ही शब्द पुरवत होता, लोक टाळ्या वाजवत होते. रोशनीची आजी शेवटपर्यंत हलली नाही. उठताना तिनं तुम्हाला विचारलं, "मंग त्या कोल्ह्याचं काय झालं?" तुम्ही म्हणालात, "उद्या सांगतो. रोशनीले धाडजा." ती रोज धाडत राहिली. स्वतःही यायची, नाटकाला यावं तशी.

भाऊजी, मी तुमच्यावर या वर्गात जेवढी चिडले तेवढी सासूवरही चिडले नसेन. पोर एका अक्षरावर थबकलं की तुम्ही लगेच पुढचा शब्द टाकायचात. मी म्हणायची, थांबा. जरा थांबा. त्याच्या डोक्यात काहीतरी हलतंय, हलू द्या.

"लोकाईसमोर अडलं पोट्टं, वहिनी. शरमून जाते ते."

"शरमू द्या. शरमलं तर मरत नाही."

"मरत नाई. पण दुसऱ्या दिशी येतबी नाई."

हे एवढं मला पटायचं. अजूनही पटतं. पण म्हणून तुमचं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. कितीतरी दिवस रोशनी तुमच्या तोंडाकडे पाहून वाचायची, पुस्तकाकडे नाही.

मोहफुलांच्या दिवसांत तर आपण बोलतच नव्हतो. पोरं अंधारातच उठून जंगलात फुलं वेचायला जायची, आणि चारला राजवाड्याच्या पडद्यावर ओळीनं झोपायची. मी उठवायला गेले की तुम्ही हात आडवा करायचात. मग तुम्हीच वर्ग उचलून टोल्यावर नेलात, ज्या अंगणात फुलं वाळत घातलेली असायची तिथं. बकऱ्या हाकलत हाकलत धडे. पुस्तकांना मोहाचा असा वास लागला की पावसाळ्यातही जाईना. माझ्या पिशवीतल्या पुस्तकाला आजही तो आहे. सकाळी उघडलं आणि लगेच मिटून ठेवलं.

इकडं वर्ग भरला की उजेड असताना सोडायचा हा नियम मात्र दोघांना मान्य होता. नाल्याच्या वाटेवर वाघाचे पंजे कोणी ना कोणी पाहिलेले असायचेच. तुम्ही हातात काठी घेऊन पोरांना टोल्यापर्यंत पोचवायचात, आणि वाटभर मोठमोठ्यानं पाढे म्हणायला लावायचात. मी एकदा विचारलं, गाणी का नाही, पाढेच का? "वाघाले हिसोब आवडत नाई, वहिनी. मी बी शाळेतून असाच पयत होतो." मी स्वयंपाकाला लागलेली असायची तेव्हा रानातून सतराचा पाढा ऐकू यायचा. तुमचा आवाज सगळ्यांच्या पुढं, अर्धं पाऊल. तिथंही तुम्ही आधीच सांगून टाकायचात.

खर्ऱ्याचं काय बोलू? तुमचे शर्ट मी शिवायची, खिसे मी उलटे करायची. दर वेळी पन्नी. "सोडलो ना वहिनी," म्हणायचात, आणि गाल फुगलेला असायचा. एकदा वर्गात लहान पोरं तुमची नक्कल करत होती, गालात खडूचा तुकडा धरून, "वाच बे, वाच." तुम्हीही हसलात. मी नाही हसले. "शिकवता का थुंकता?" म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. मग तुम्हाला तिखट सोसेना. मग तोंड पूर्ण उघडेना, भाकरीचा घास शिरेना. आपल्या भागात हे इतक्यांचं होतं की लोक त्याला आजारसुद्धा म्हणत नाहीत. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? तुमच्या दादांनी खाली पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खिडकीबाहेर.

ऑपरेशननंतर तुमचा आवाज गेला. गेला म्हणजे काय, एक घोगरा हुंकार उरला. मला वाटलं आता तुम्ही वर्गात यायचा नाहीत. तुम्ही आलात. तोंडाला दुपट्टा गुंडाळून, खांबाला टेकून बसलात. पोरं पहिल्या दिवशी घाबरली, दुसऱ्या दिवशी विसरली. वाचता वाचता अडली की सवयीनं तुमच्याकडे पाहायची, आणि तुमच्याकडे द्यायला काही नसायचं. तुम्ही नुसते भुवया वर करायचात. समाजमंदिरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आणि पोरं वाचायला लागली.

भाऊजी, हे मी कोणाजवळ बोलले नाही. मी म्हणत होते थांबा, आणि तुम्ही थांबलात, आणि माझं खरं ठरलं. मला नको होतं असं खरं ठरलेलं. भांडण असं जिंकायचं असतं का? रोशनीच्या धड्यात "अभयारण्य" हा शब्द आला तो दिवस मला डोळे मिटले की दिसतो. "अभ..." म्हणाली. "अभया..." तुमच्याकडे पाहिलं. तुमचे हात मांडीवर घट्ट दाबलेले, मला दिसत होते. माझ्या जिभेवर तो शब्द होता, मी गिळला. बाहेर कोणाच्या तरी खळ्यावर मळणीयंत्र चालू होतं, तेवढाच आवाज. तिनं पुन्हा पुस्तकात पाहिलं, बोट ठेवलं, आणि म्हणाली, "अभयारण्य." मग पुढचं वाक्य वाचायला लागली, जसं काही झालंच नाही. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. दुपट्ट्यावर फक्त डोळे होते. त्या डोळ्यांत काय होतं? "तुमचंच खरं होतं, वहिनी" हे होतं, की "पायलं, माझी पोट्टी" हे होतं? मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तुम्ही सांगणार कसं होता? पण मी विचारायला हवं होतं. तुम्ही मान हलवली असतीत, नाहीतर डोकं झटकलं असतंत. काहीतरी कळलं असतं.

शेवटच्या दिवशी मी तुम्हाला तांदळाची पेज भरवत होते. अर्धी वाटी झाली आणि तुम्ही मनगटावर बोट ठेवलंत. घड्याळ. चार वाजत आले, जा. मी म्हटलं, आज एक दिवस वर्ग नसला तर आभाळ कोसळणार नाही. तुम्ही पुन्हा बोट ठेवलंत. मी रागानं वाटी ठेवली आणि निघाले. वर्ग सुटल्यावर पोरं टोल्याकडं गेली, त्या दिवशी रोशनीचा मामा काठी घेऊन बरोबर होता. पोरं पाढे म्हणत होती. मी घराकडे वळले तर तुमचे दादा दारात उभे. "आइकत होता," म्हणाले. "पोट्टे पाढे म्हणून राह्यले होते, त्याचे डोये उघडे होते. मंग मिटले." मला एवढंच वाटलं, पाढा पूर्ण झाला होता का? तुम्ही मला मुद्दाम पाठवलंत का, भाऊजी? मी समोर असते तर बोलत राहिले असते, आणि तुम्हाला ते ऐकू आलं नसतं, म्हणून?

काल मांडवात राजवाड्याचा तोच पडदा अंथरला होता. दुसरं काही एवढं मोठं घरात नव्हतं. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, तुमच्या फोटोला हार घातला. फोटोत तुमचा गाल फुगलेला आहे, दुसरा फोटोच सापडला नाही. मग लोक एकेक करून उठले. नाट्यमंडळातले बोलले, सरपंच बोलले. सगळे चांगलंच बोलले. पण प्रत्येकाचा शेवट एकच. "आता टूशन बंद पडन. देवाभाऊच नाई त कोण चालवन?" जसं ठरूनच गेलं होतं. पोरं पडद्यावर बसून ऐकत होती. रोशनीची आजी मान खाली घालून बसली होती, शेवटचा अंक संपल्यासारखी.

मी उठले. मला भाषण करायचं नव्हतं, एकच वाक्य सांगायचं होतं. तुम्ही मनगटावर बोट ठेवून जे सांगितलंत तेच. पोरांना ते आत्ता ऐकू आलं नाही तर दुसऱ्या दिवशी ती येणार नाहीत, हे मला तुम्हीच शिकवलं होतं.

"भाऊजी गेले," मी म्हणाले. "पण..."

आणि पुढचं सगळं कोरं.

भाऊजी, सगळ्या गावाचं तोंड बंद करणारी तुमची वहिनी, त्या मांडवात नुसती उभी. कोणीतरी खोकलं. कोणीतरी म्हणालं, "बसा वहिनी, राहू द्या." तुमच्या दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी दाराच्या फळीकडे पाहिलं. खरंच पाहिलं. इतकी वर्षं मी म्हणत आले, अडलेल्याला अडू द्या, शरमलं तर मरत नाही. काल कळलं, शरमेत उभं राहणं किती लांब असतं.

रोशनी पहिल्या ओळीत बसली होती. माझ्याकडेच पाहत होती. डोळे मोठे, हात मांडीवर घट्ट दाबलेले. मग खालून आवाज आला, अगदी हळू, ओठ न हलवता काढलेला.

"उद्या..."

"उद्या चार वाजता वर्ग आहे," मी म्हणाले. "सगळ्यांनी यायचं." आणि खाली बसून एकदाची रडले.

आता चार वाजत आलेत, निघायला हवं. पण भांडण मिटलं असं समजू नका, भाऊजी. ती लगेच बोलली नाही. मी तिच्याकडेच पाहत होते. आधी ती थांबली. मला सुचतंय का पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि मगच शब्द पुरवला.